एका application.css वर दोन हक्कदार नकोत
रावेर-यावलच्या केळीभावाची साइट रेल्स या वेब फ्रेमवर्कवर चालवणाऱ्यांनी हे तपासावंच. पानाची मांडणी कधी नीट, कधी पार मोडलेली, आणि टर्मिनलवर एकही एरर नाही. बहुतेकदा जावास्क्रिप्टमध्ये कुठेतरी सीएसएस, म्हणजे मांडणीच्या नियमांची फाइल, इम्पोर्ट केलेली असते. नकाशाची किंवा कॅलेंडरची लायब्ररी आणली की हमखास. जावास्क्रिप्ट फाइली एकत्र बांधणारं ईएसबिल्ड ती बाजूला काढून एंट्री फाइलच्याच (जिथून बांधणी सुरू होते तिच्या) नावाने लिहितं: ॲप्लिकेशन डॉट जेएसशेजारी ॲप्लिकेशन डॉट सीएसएस. सीएसएस तयार करणारं सॅस किंवा टेलविंडही, cssbundling-rails मधून चालवलं तर, बिल्ड्स फोल्डरात (तयार फाइलींच्या जागी) तीच फाइल लिहितं. शेवटी लिहिणाऱ्याची उरते, आणि वॉच (फाइल बदलताच पुन्हा बिल्ड करणारी प्रक्रिया) चालू असताना शेवटचा कोण, याचा नेम नसतो.

खात्रीसाठी दोन्ही वॉच थांबवा, बिल्ड्समधल्या तयार फाइली काढा, फक्त जावास्क्रिप्टचं बिल्ड चालवा. सीएसएस उगवली तर दुखणं सापडलं.

ते इम्पोर्ट उचलून सॅसच्या मुख्य फाइलमध्ये न्या. मला हाच उपाय पटतो, कारण कुठला नियम कोणावर मात करतो ते एकाच जागी दिसतं. जमत नसेल तर जावास्क्रिप्टच्या एंट्रीला ‘मेन’ नाव द्या आणि लेआउटमध्ये मेनची स्क्रिप्ट व स्टाइलशीट दोन्ही जोडा. स्टाइलशीटची ओळ हमखास राहते.

ईएसबिल्डऐवजी वेबपॅक वापरणाऱ्यांनी आउटपुटच्या सेटिंगमधला ‘क्लीन’ पर्यायही बघावा. तो चालू असेल तर त्याच फोल्डरातली दुसऱ्या टूलची सीएसएस पुसली जाते.