यादीतलं तिसरं नाव

त्या दिवशी ऑपरेशनच्या यादीत तिसरं नाव काकूंचं होतं. वय ५८, उजवा गुडघा, आतल्या दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. नाव मीच घातलं होतं, ओपीडीच्या गर्दीत, गुडघ्यापेक्षा एमआरआयच्या रिपोर्टकडे जास्त बघून.

सकाळी राउंडला गेलो. काकू रात्रीपासून उपाशी, हाताला सलाईन. म्हणाल्या, "डॉक्टर, फाटलंय ते नीट शिवाल ना?"

मी थबकलो. शिवण्यासारखं तिथे काही नव्हतं. या वयात झिजून चिरलेली गादी सहसा शिवली जात नाही, तिचा फाटका काठ कापून टाकतात. खाटेवर बसून गुडघा पुन्हा तपासला. तो अडकत नव्हता, पूर्ण सरळ होत होता, सूजही नव्हती. दुखायचं ते जिना उतरताना.

२००८ साली पन्नाशीपुढच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गादीला चीर असलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. २०१३ साली फिनलंडमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. १४६ रुग्ण, सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, पण गादी कापली जवळपास निम्म्यांचीच. बाकीच्यांना कापल्याचा फक्त भास करून दिला. वर्षभरानंतर दुखण्यात दोन्ही गट सारखेच. हे सगळं मला पाठ होतं, तरी काकूंचं नाव यादीत होतं.

ऑपरेशन करायला नको, असं मी सांगितलं. काकूंचा मुलगा चिडला. "रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय फाटलंय म्हणून! मग आधी ऑपरेशन का सांगितलंत?" मी म्हणालो, "चूक माझी आहे. तेव्हाच नीट तपासायला हवं होतं." मग भूल, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका, सगळं सांगितलं. हे धोके कमीच असतात, पण फायदाच नसेल तर ते तरी का घ्यायचे? मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तीन महिने करायचे, वजन थोडं उतरवायचं, आणि गुडघा अडकला तर त्याच दिवशी यायचं, असं ठरलं. ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं असतं. या बोलण्याला पाऊण तास गेला आणि पुढची सगळी यादी लांबली. त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

सिस्टरांनी सलाईन काढलं. काकूंनी विचारलं, "मग आता काही खाऊ का?"

तीन महिन्यांनी त्या चालत आल्या. जिना उतरताना अजून थोडं दुखतं, म्हणाल्या. या वेळी रिपोर्टची पिशवी टेबलावर तशीच ठेवून मी आधी गुडघ्याला हात लावला.