नीम : रोमन शहर, पाण्याच्या वाटेने

दक्षिण फ्रान्समधल्या नीमला येणारे बहुतेक प्रवासी स्टेशनवर उतरून थेट अँफिथिएटर गाठतात, तिथून मेझों कारे नावाच्या रोमन देवळापाशी जातात आणि संध्याकाळच्या गाडीने आव्हिन्यों नाहीतर माँपेलिए. मी आणि माझ्या ताईने उलटा क्रम धरला. आधी झरा, मग पाणी वाटणारं कुंड, मग शहर आणि अखेरीस पों द्यु गार हा जगप्रसिद्ध जलसेतू. हे शहर वसलं झऱ्यामुळे आणि वाढलं ते बाहेरून आणलेल्या पाण्यावर. त्यामुळे या क्रमाने पाहिलं की एकेक इमारत आपोआप जागेवर बसते. तुम्हीही असंच पाहा, हे माझं आग्रहाचं सांगणं.

तिकिटाचं आधी सांगते. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने साधारण तीन तास लागतात. पण नीमला दोन स्टेशनं आहेत. ‘नीम सेंत्र’ हे शहरातलं, तिथून अँफिथिएटर दहा मिनिटं चालत. दुसरं ‘नीम पों द्यु गार’, डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेलं, शहराबाहेर शेतात. नावात पों द्यु गार असलं तरी तो जलसेतू तिथून जवळ नाही. तुमची गाडी तिथेच थांबणारी असेल तर घाबरायचं कारण नाही, स्थानिक गाडी थोड्या वेळात शहरात आणून सोडते. मात्र मधली वेळ पाहूनच तिकीट काढा.

जुन्या शहराच्या वायव्येला, माँ काव्हालिए टेकडीच्या पायथ्याशी, फोंतेन बाग आहे. तिथला झरा म्हणजे नीमचं मूळ. रोमन येण्याआधी इथे व्होल्के आरेकोमिकी ही केल्टिक जमात राहत होती. झऱ्याच्या देवाचं नाव नेमाउसुस, तेच गावाचं झालं. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इटलीला स्पेनशी जोडणारा व्हिया दोमितिया हा रोमन रस्ता इथून गेला आणि गाव मोक्याच्या जागी आलं. पुढे सम्राट ऑगस्टसने शहराला तटबंदी दिली. जवळजवळ सहा किलोमीटर लांबीचा तट आणि आत सुमारे 220 हेक्टर जागा. त्या काळच्या गॉलमध्ये, म्हणजे ढोबळपणे आजच्या फ्रान्समध्ये, इतका मोठा तट फार थोड्या शहरांना होता.

बाग आज दिसते ती अठराव्या शतकातली. कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्यांना पाणी पुरेना म्हणून झऱ्याभोवती खोदकाम सुरू झालं आणि खाली रोमन बांधकाम लागलं. मग झाक-फिलिप मारेशाल या लष्करी इंजिनिअरने 1745 पासून कालवे, कठडे, जिने, पुतळे अशी सगळी मांडणी केली. प्रवेश फुकट आहे. डाव्या हाताला एक पडकी, कमानदार छताची वास्तू दिसेल. तिला ‘डायानाचं देऊळ’ म्हणतात, पण ते देऊळ असल्याचा पुरावा नाही, ग्रंथालय असावं असंही अभ्यासक म्हणतात. मध्ययुगात तिथे जोगिणींचा मठ होता. आत जाऊन भिंती जवळून बघा. जुन्या काळी देशभर फिरून काम शिकणाऱ्या पाथरवटांनी आपापली नावं आणि हत्यारांची चित्रं दगडात कोरून ठेवली आहेत, तीही किती निगुतीने!

बागेतून वर चढत गेलं की तूर मान्य. तटावरचा सगळ्यात उंच बुरूज, आत आणखी जुना केल्टिक बुरूज पोटात घेतलेला. आज तो बत्तीसेक मीटर आहे, पूर्वी आणखी उंच होता. 1601 मध्ये फ्रान्स्वा त्रोका नावाच्या माळ्याने नोस्त्रादामुसच्या भाकितावर विश्वास ठेवून, राजा चौथ्या हेन्रीची परवानगी काढून, बुरुजाच्या आत गुप्तधनासाठी खणायला घेतलं. धन निघालं नाही, बुरूज मात्र आतून पोकळ झाला. याच त्रोकाने या मुलखात तुतीची लागवड वाढवली आणि पुढे इथला रेशीमधंदा उभा राहिला, हेही लक्षात ठेवायला हवं. वर जायला साधारण 140 पायऱ्यांचा गोल जिना आहे, शेवटी अरुंद होतो. सकाळी लवकर चढा. नीम हे फ्रान्सच्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांपैकी एक, जुलै-ऑगस्टच्या दुपारी या टेकडीवर हाल होतात.

टेकडीवरून उतरून र्यू द ला लांपेझ या रस्त्यावर आलं की कास्तेल्लुम, म्हणजे पाणी वाटणारं ते कुंड. मला नीममध्ये सगळ्यात मोलाची वाटलेली जागा हीच, आणि गर्दी सगळ्यात कमी तीही इथेच. रस्त्याकडेला कठड्यामागे दगडात खोदलेलं एक गोल कुंड आहे. साडेपाच मीटरच्या आसपास व्यास, खोली माणसाच्या छातीपर्यंत येईल इतकी. एका बाजूने चौकोनी तोंडातून कालवा आत येतो. समोरच्या बाजूला ओळीने दहा गोल भोकं आहेत, त्यांत शिशाचे जाड नळ बसवलेले असत. तळाला आणखी तीन भोकं आहेत.

ताईची सगळी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात गेली. ती कठड्याला टेकून बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “अगं, ही आपली वॉर्डवार पाणी सोडायची टाकी आहे. दहा लाइनी दहा भागांना. खालची तीन भोकं गाळ काढायला.” कालव्याच्या तोंडाशी दारं बसवल्याच्या खाचा तिनेच मला दाखवल्या. इथेही कोणीतरी व्हॉल्व्हमन असणारच, आणि त्याच्यावर वशिला लावणारेही, असं ती अगदी खात्रीने म्हणाली. पाणी वाटणारं असं कुंड इतक्या चांगल्या स्थितीत टिकल्याची दोनच ठळक उदाहरणं आहेत, एक पॉम्पेईत आणि दुसरं हे. 1844 मध्ये ते पुन्हा उजेडात आलं. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. भोकांचे काठ नीट दिसायला तिरपं ऊन हवं, म्हणून सकाळी किंवा संध्याकाळी जा.

कुंडाच्या वरच्या अंगाला किल्ला आहे, त्याची हकिगत वेगळी आणि कडवट. सोळाव्या शतकात नीम प्रॉटेस्टंटांचं मोठं केंद्र होतं. 1567 मध्ये, सेंट मायकेलच्या सणाच्या सुमारास, इथल्या प्रॉटेस्टंटांनी कॅथलिक धर्मगुरू आणि नागरिकांची कत्तल केली. पुढे 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना संरक्षण देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला, तेव्हा पारडं फिरलं. प्रार्थनाघरं पाडली गेली, हजारो लोक देश सोडून गेले, आणि उरलेल्यांवर नजर ठेवायला हा किल्ला उभा राहिला, तोफांचा रोख शहराकडेच. नंतर तिथे तुरुंग होता, आता विद्यापीठ आहे. एकाच दिवसात रोमन अवशेष उरकणारे हा काळ वगळून जातात. मला तसं करणं बरोबर वाटत नाही. इथले दगड दोन हजार वर्षं कोणाच्या हातात होते ते यानेच कळतं.

तिथून खाली ऑगस्टसची वेस लागते. व्हिया दोमितिया इथून शहरात शिरत असे. मधल्या दोन मोठ्या कमानी गाड्यांसाठी, बाजूच्या दोन लहान पायी जाणाऱ्यांसाठी. पाच मिनिटं पुरतात.

मेझों कारे मात्र सावकाश बघा. ऑगस्टसने दत्तक घेतलेले दोन नातू, गायुस आणि लुसियुस सीझर, यांच्या नावाने इसवी सनाच्या अगदी सुरुवातीला हे देऊळ बांधलं. दोघेही तरुणपणीच वारले. कपाळपट्टीवरची ब्राँझची अक्षरं केव्हाच नाहीशी झाली होती, उरली होती ती अक्षरं ठोकायची भोकं. 1758 मध्ये झाँ-फ्रान्स्वा सेगिए या नीमच्याच विद्वानाने परांची चढून त्या भोकांवरून मूळ लेख जुळवला. पायऱ्यांसमोर उभं राहून वर पाहिलं तर ती भोकं आजही दिसतात. बारकी दुर्बीण असेल तर जरूर न्या. हे देऊळ टिकलं कारण ते कधी रिकामं पडलं नाही. नगरसभा, तबेला, चर्च, सरकारी कचेरी, संग्रहालय, सगळं होऊन गेलं. थॉमस जेफरसनने व्हर्जिनियाच्या विधानभवनाचा आराखडा यावरूनच बेतला, तोही प्रत्यक्ष पाहण्याआधी. तो स्वतः इथे आला 1787 मध्ये. युनेस्कोच्या यादीत मेझों कारेचं नाव लागलं सप्टेंबर 2023 मध्ये. समोर नॉर्मन फॉस्टरची काच आणि पोलादाची कारे दार ही इमारत आहे. बारीक खांबांची ती इमारत जुन्या देवळाशी कुठेही भांडत नाही.

अँफिथिएटर पहिल्या शतकाच्या अखेरचं. 133 बाय 101 मीटर, दोन मजल्यांवर प्रत्येकी 60 कमानी, सुमारे 24,000 प्रेक्षकांची सोय. रोमन सत्ता गेल्यावर व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांनी त्याचा किल्ला केला. पुढे आत अख्खं गाव वसलं, घरं, गल्ल्या, चर्चसुद्धा. अठराव्या शतकात आत जवळपास 700 लोक राहत होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घरं हटवली. बाहेरून फेरी मारताना बुजवलेल्या कमानींतल्या मध्ययुगीन खिडक्या शोधा. त्या वस्तीची तेवढीच खूण उरली आहे. दुरुस्तीचं काम टप्प्याटप्प्याने अनेक वर्षं चालणार आहे, त्यामुळे एखाद्या भागावर परांची दिसली तर निराश होऊ नका. आतल्या दगडी पायऱ्या उंच आणि जागोजाग कठड्याविना आहेत. गुडघे दुखत असतील तर पहिल्या टप्प्यावरच बसा, तिथूनही सगळं दिसतं.

इथे आजही बैलांचे खेळ होतात. पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या सुमारास आणि सप्टेंबरात मोठी जत्रा भरते, तेव्हा हॉटेलं महागतात आणि मिळतही नाहीत. कोरिदा म्हणजे स्पॅनिश पद्धतीची बैलझुंज, तिच्यात बैल मारतात. मला ते बघवणार नाही, म्हणून आम्ही त्या तारखा टाळल्या. पण कामार्ग पद्धतीचा खेळ वेगळा. त्यात पांढऱ्या कपड्यांतली पोरं धावत जाऊन बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे हिसकावतात आणि बैल जिवंत परत जातो. जाहिरात वाचताना ‘कूर्स कामार्गेझ’ लिहिलंय का ते बघा.

अँफिथिएटर, मेझों कारे आणि तूर मान्य यांचं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या. अँफिथिएटरसमोरच्या रोमन संग्रहालयाला वेगळा वेळ हवा. 2018 मध्ये उघडलेली ही इमारत एलिझाबेथ द पोर्झांपार्क यांची, बाहेरून काचेच्या तुकड्यांचं वस्त्र नेसवल्यासारखी. गच्चीवर जायला तिकीट लागत नाही, आणि अँफिथिएटर तिथून अख्खं दिसतं. आत ग्रीक पुराणकथेतल्या पेंथेउस राजाची मोठी मोझेइक फरशी आहे, आई मुलाला मारते तो प्रसंग. पण नीमचं नाणं चुकवू नका. एका बाजूला ऑगस्टस आणि त्याचा सेनापती अग्रिप्पा पाठीला पाठ लावून, दुसरीकडे ताडाला साखळीने बांधलेली मगर, म्हणजे जिंकलेला इजिप्त. सुट्टे पैसे कमी पडत म्हणून अशी नाणी मधोमध कापून वापरत. ती अर्धी नाणी बघताना बाजारातला व्यवहार डोळ्यांपुढे येतो. हीच मगर शहराची निशाणी झाली. जुन्या गल्ल्यांत चालताना पायाखाली पितळी चकत्यांवर ती भेटत राहते.

कॅथीड्रलजवळच्या जुन्या बिशपवाड्यात ‘व्हिए नीम’ संग्रहालय आहे, उघडं आहे ना ते आधी बघून जा. कापडाचा विभाग आपल्या माणसांनी पाहायलाच हवा. एकोणिसाव्या शतकात युरोपात काश्मिरी शालींचं वेड पसरलं तेव्हा नीमच्या विणकरांनी नक्षी विणणाऱ्या जकार मागावर स्वस्त नकला काढल्या. लाल जमिनीवर विणलेली कोयरी बघून ताईने लगेच काचेला नाक लावलं. काश्मिरातल्या कारागिराचं काम कोणाच्या बाजारात गेलं आणि त्याच्या हातात काय उरलं, हा विचार मला तिथे सुटला नाही.

खाण्याचं. ब्राँदाद ही इथली खासियत, खारवलेला कॉड मासा ऑलिव्ह तेलात घोटून केलेली. कोकणातल्या माणसाला आवडेलच. शाकाहारी असाल तर दोन गोष्टी जपा. ऑलिव्हच्या तापेनाद या चटणीत बहुधा अँचोव्ही मासा असतो, आणि खाऱ्या फुगास या ब्रेडमध्ये डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असू शकतात. विचारून घ्या. ले हाल हा बंदिस्त बाजार दुपारी आवरतो, म्हणून सकाळीच जाऊन ब्रेड, चीज, फळं आणि हिरवी पिशोलीन ऑलिव्ह घ्या. जेवण झालं.

आता पों द्यु गार. झऱ्याचं पाणी बेभरवशाचं, उन्हाळ्यात घटणारं, म्हणून रोमनांनी उझेस गावाजवळच्या एर झऱ्याचं पाणी आणायचं ठरवलं. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर, पण डोंगर चुकवत कालवा झाला 50 किलोमीटरचा. आणि एवढ्या लांबीत एकूण उतार अवघा साडेबारा मीटरच्या आसपास! ताईने हा आकडा मला दोनदा वाचायला लावला. गार्दों नदी ओलांडायला तीन मजली सेतू बांधला, जवळपास 49 मीटर उंच. खालचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकमेकांवर बसवलेले, काही सहा टनांचे. भिंतीतून बाहेर आलेले दगड दिसतात ते परांचीच्या आधारासाठी ठेवलेले. कालव्यात चुनखडीचा जाड थर साचत गेला, डागडुजी थांबली आणि शेवटी पाणी बंद पडलं. शेजारून चालायचा पूल आहे तो अठराव्या शतकातला.

नीमच्या बसस्थानकावरून तिथे लिओ या प्रादेशिक सेवेची बस जाते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी, म्हणून परतीची वेळ जातानाच टिपून ठेवा. नदीत पोहता येतं, पण काठ गोट्यांचा आहे, पायात धरून राहणारे सँडल हवेत. शरद ऋतूत या भागात अचानक पूर येतात. ऑक्टोबर 1988 मध्ये नीम आणि सप्टेंबर 2002 मध्ये गार्दोंचं खोरं वाहून निघालं होतं. तेव्हा हवामानखात्याचा इशारा असेल तर नदीकाठी जाऊ नका. आणखी एक दिवस हाताशी असेल तर उझेसला मुक्काम करा, शनिवारच्या बाजाराला धरून. गावाखालच्या एर खोऱ्यात उतरलं की कालव्याच्या तोंडाशी पाणी कमीजास्त करायचं रोमन कुंड आहे. कास्तेल्लुम बघून आलेल्याला ते कसं चालत असेल हे सांगावं लागत नाही.