तुम्ही विचारलंत म्हणून: मेल्यावर कळतं का?

सोलापुरात एकतीस वर्षं नर्स होते. त्यामुळे मयतीला गेलं की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, “सिस्टर, मेल्यावर माणसाला कळतं का हो?”

देहाचं सांगते. हृदय थांबलं की रक्त खालच्या बाजूला उतरतं, पाठीवर जांभळट डाग येतात. दोन-तीन तासांत जबडा ताठू लागतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. नखं-केस वाढत नाहीत. कातडी सुकून आक्रसते म्हणून तसं दिसतं. डोळे मात्र ६ तासांपर्यंत दान करता येतात. म्हणजे सगळं एका क्षणात संपत नाही.

पण तुम्हाला हे विचारायचं नसतं, ठाऊक आहे मला.

अण्णा मे महिन्यात गेले, पूर्व भागातल्या आमच्या घरीच. दोन दिवस बेशुद्ध होते. भाऊ पायाशी बसलेले. धाकटा म्हणाला, “ताई, घराचं इथंच बोललं तर चालतंय का?” मी म्हणाले, “बोला. त्यांना काही कळत नाही.” मग खोल्या, वरच्या मजल्याचं भाडं, आईच्या पाटल्या, सगळं निघालं. आवाज चढले. अण्णांची बोटं चादरीची दशी चिमटीत धरत होती, पिळत होती, सोडून परत धरत होती. चाळीस वर्षं मागावर तुटलेला धागा जोडला, अगदी तशी. मरणाआधी पेशंट अंथरूण चाचपतो, हे आम्हाला शिकवलेलं; भावांना तेच सांगितलं आणि पाटल्यांवरून मीही भांडले. बोटं कधी थांबली, पाहिलंच नाही.

२०२० मध्ये व्हँकुव्हरच्या हॉस्पिसमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. शेवटच्या तासांत निपचित पडलेल्या काही रुग्णांचा मेंदू आवाजाला निरोगी माणसासारखाच प्रतिसाद देत होता. प्रतिसाद म्हणजे समजणं नव्हे, असं मी स्वतःला बजावते. २०२३ मध्ये मिशिगनला व्हेंटिलेटर काढलेल्या चौघांपैकी दोघांच्या मेंदूत मरताना लहरींची उसळी दिसली. त्यांना काय जाणवलं, ते सांगायला ते उरले नाहीत.

पण अभ्यासाची वाट कशाला बघायची होती? बेशुद्ध पेशंटशीही नाव घेऊन बोला, कान सगळ्यांत शेवटी जातात, हे नव्या मुलींना मीच शिकवायचे. वॉर्डात पाळलं. घरी नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. मी असलं मानत नाही. तरी पुढं होऊन म्हणाले, “अण्णा, पाटल्या नकोत मला.” ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.