हात

मंगळवार, रात्री साडेदहा.

गोष्ट एवढीशीच आहे, पण सकाळपासून तीच चघळतोय.

गिरणाऱ्याच्या बाजूला चक्कर मारून परत येत होतो. दुगावच्या अलीकडे समोरून एक स्प्लेंडर आली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, चालवणाऱ्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. आणि मी त्याला हात केला. डावा हात हँडलवरून उचलून, दोन बोटं खाली करून.

त्यानं कचकन ब्रेक दाबला. आरशात दिसलं, गाडी वळवली, कॅन हिंदकळले, आणि माझ्यामागं आला. मग मलाही थांबावं लागलं.

"काय झालं साहेब? पेट्रोल सपलं का?"

"नाही दादा. ओळखीचे वाटलात."

खोटं. तोंडातून सहज निघालं. तो वाकून हेल्मेटमध्ये डोकावायला लागला. मखमलाबादला राहायला होता का आधी? नाही. मग सातपूरला, कंपनीत? नाही. पंचवटीत? दूध नासायची वेळ, पावसाची भुरभुर, आणि हा बिचारा माझी ओळख शोधतोय. शेवटी म्हणाला, "असू द्या. कुठंतरी पाहिलंय तुम्हाला, लागंल ध्यानात." आणि गेला.

"काही नाही, सहज हात केला" एवढं का नाही म्हणता आलं मला?

तिकडे, आल्प्सच्या बाइक-सहलीत, दिवसाला शंभर वेळा केला असेल. समोरून येणारा बाइकवाला दिसला की ओळख नसली तरी हात करायचा, अशी तिकडची रीत. म्युनिकमधून बाइक भाड्यानं घेतली तेव्हा पहिल्या तासाभरातच समोरच्या एकानं हात खाली सोडून बोटं दाखवली. मला वाटलं, टायरमध्ये काहीतरी अडकलंय. थांबून दोन्ही चाकं तपासली. (आत्ता लिहिताना लक्षात येतंय, मी तेव्हा जे केलं तेच आज दूधवाल्यानं केलं.) मग दुसरा, तिसरा. सत्तरीतले आजोबा, मागे आजी, तीही हात करते. ऑस्ट्रियातल्या ग्रोसग्लॉक्नरच्या घाटरस्त्यावर तर माझं अर्धं लक्ष त्यातच. 1935 साली खुला झालेला 48 किलोमीटरचा रस्ता, 36 नागमोडी वळणं, समोर 3798 मीटरचं बर्फाचं शिखर, आणि मी येणाऱ्या प्रत्येक हेडलाइटला हात करतोय. जत्रेत हरवलेल्या पोराला एकदम सगळेच काका-मामा भेटावेत तसं.

इटलीतल्या स्टेल्वियो घाटात मात्र कुणी हात करत नाही. निदान वळणावर तरी नाही, क्लच सोडायची सोयच नसते. प्राटो गावाकडून चढलं की 48 वळणं. प्रत्येक वळणावर आकडा कोरलेला दगड, आणि आकडे उलटे, 48 पासून खाली 1 पर्यंत. दोनेगानी नावाच्या इंजिनिअरनं 1820 ते 1825 मध्ये घोडागाड्यांसाठी काढलेला रस्ता, म्हणून चढ अंगावर येत नाही, वळणं येतात. वीस-बावीसच्या सुमाराला मनगटं बोलायला लागली. उजवीकडून चालवायचं विसरू नये म्हणून टाकीवर लाल टेपचा बाण चिकटवला होता, त्याच्याकडे बघत बघत चढलो. 2757 मीटरवर पोचलो तेव्हा बोटं इतकी गारठलेली की हेल्मेटची पट्टी सुटेना. शेजारी उभ्या असलेल्या एकानं काही न बोलता सोडून दिली आणि आपल्या सॉसेजकडे परत गेला. नाव नाही, गाव नाही. तो माणूस मला अजून आठवतो. शिखरं तितकी आठवत नाहीत.

मला वाटतं सकाळी ते टोचलं. तिथं ओळख लागत नव्हती. इथं हात वर केला की त्याला कारण लागतं.

येऊन बारा दिवस झाले. ऑफिसात सगळे विचारतात, "कसं होतं स्वित्झर्लंड?" मी स्वित्झर्लंडला गेलोच नाही. शेजारच्या काकांनी मोबाइलवर अकरा फोटो पाहिले आणि बाराव्याला म्हणाले, एकूण खर्च किती आला. आईनं एवढंच विचारलं की जेवणाचं काय केलंस. हिनं तेही नाही. पेठ रोडला आरटीओत आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज द्यायला गेलो होतो तेव्हापासूनच हिचं मत ठरलेलं आहे, आणि ते चुकीचं आहे असंही नाही. जाऊ दे.

परवा कॉलेज रोडच्या सिग्नलला मन्या दिसला. मी हेल्मेटमध्ये होतो. त्याची गाडी ओळखली मी, त्यानं माझी ओळखली की नाही कोण जाणे. साठ सेकंदांचा सिग्नल. या सहलीचे नकाशे त्यानंच काढले होते पहिल्यांदा. असो.

बरं, आत्ता गच्चीवर खुर्चीत बसून हँडल धरल्यासारखं करून पाहिलं, तर वेगळंच सापडलं. तिकडे उजवीकडून चालवतात, म्हणून समोरच्याच्या बाजूला येतो डावा हात. तो मोकळा. आपण डावीकडून चालवतो, समोरच्याच्या बाजूला उजवा हात, आणि त्यात ॲक्सिलरेटर. तो सोडला की गाडी मंदावणार. म्हणजे आपल्याकडे हात न करण्यामागे माणुसकी वगैरे काही नाही, केबल आहे! इंग्लंडातही डावीकडूनच चालवतात, तिथले नुसती मान डोलावतात म्हणे. फ्रान्सवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी, ओव्हरटेक करू दिलं की आभार म्हणून पाय बाहेर काढतात. गंगापूर रोडला पाय काढून बघायला हवा एकदा. बसेल कुणाच्या तरी ॲक्टिव्हाला.

ही खालून ओरडतेय की दमट हवेत बसू नकोस.

बुधवार, सकाळ.

तोच रस्ता. मुद्दाम नाही. थोडं मुद्दाम.

तो लांबूनच हॉर्न वाजवत आला आणि मी काही करायच्या आत त्यानंच हात वर केला. उजवा! स्प्लेंडर डुगडुगत थांबली.

"लागली ओळख! तुम्ही आमच्या शाखेला होता की. कर्जाच्या टेबलावर."

मी आयुष्यात बँकेत काम केलेलं नाही. पण इतका खूश होता तो. म्हटलं, हो.

पाणी ओतून देऊन माझ्या बाटलीत अर्धा लिटर म्हशीचं दूध घातलं, पैसे घेतले नाहीत. उद्या कागदपत्रं घेऊन येतो म्हणाला, दोन म्हशींचं प्रकरण अडकलंय.

उद्या त्र्यंबक रोडला जावं.