मार्टिनिक ते ग्रेनेडा: शिडाच्या बोटीने दक्षिणेकडे उतरताना

कॅरिबियन समुद्रात मार्टिनिकपासून ग्रेनेडापर्यंत बेटांची रांग साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे आणि वारा येतो पूर्वेकडून. त्यामुळे सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट, बेक्वे, टोबॅगो केज, कॅरियाकू असे टप्पे घेत उतरताना वारा बहुतेक वेळ बाजूने मिळतो. शिडाच्या बोटीला याहून सोयीचं काही नाही. कस लागतो तो दोन बेटांमधल्या खाडीत.

खुल्या समुद्रावर व्यापारी वारे 15 ते 20 नॉटचे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असले, तरी डोंगराळ बेटांच्या टोकांशी ते दाबले जातात आणि सहज 25 च्या वर जातात. उलट बेटाच्या पश्चिमेला, डोंगराआड, वारा पडतो आणि इंजिन लावावं लागतं. खरा घोटाळा इथेच होतो. आडोशात सगळं शांत असतं म्हणून पूर्ण शीड उभं ठेवलं जातं. मग टोक ओलांडताच बोट कलंडते, आणि त्या कललेल्या डेकवरून कुणाला तरी डोलकाठीपर्यंत जावं लागतं. म्हणून दोन रीफ, म्हणजे शीड आखडून लहान करायचे दोन टप्पे, आडोशातच घ्याव्यात. वारा कमी निघाला तर एक सोडायला दोन मिनिटं पुरतात. सेंट व्हिन्सेंटच्या उत्तर टोकाला, सुफ्रिएर ज्वालामुखीच्या पायथ्याशी, हा नियम कधीच मोडू नये.

खाडीत प्रवाह पश्चिमेकडे ओढतो, एक ते दीड नॉटने. बोटीचा वेग 6 नॉट आणि आडवा प्रवाह दीड नॉट असेल, तर नाक सुमारे 15 अंश पूर्वेकडे ठेवावं लागतं. हे सुरुवातीपासून केलं नाही, तर शेवटचे काही मैल वाऱ्याच्या तोंडावर चढत जावं लागतं आणि सगळा दिवस त्यात जातो. कॅरियाकूहून ग्रेनेडाला जाताना किक-एम-जेनी हा पाण्याखालचा ज्वालामुखी लागतो. एरवीही त्याच्यापासून दीड किलोमीटर दूर राहायचं असतं, इशारा नारिंगी झाला की पाच. वायू बाहेर पडला की पाण्याची घनता घटते आणि बोट तरंगू शकत नाही.

पोहोचायची वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना. निळं पाणी खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. पोलराइज्ड चष्मा घातलेला माणूस नाकाडावर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा हवाच. टोबॅगो केजमध्ये हॉर्सशू रीफ हा प्रवाळाचा बांध लाटा अडवतो, वारा मात्र अटलांटिकवरून थेट येतो. मुंबई बंदराची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: आपल्याकडे बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे असतो, इथे उजवीकडे. दुसरा फरक भरती-ओहोटीचा. इथे ती जेमतेम अर्धा मीटर. कोकणातल्या खाडीत रुतलेली होडी पुढच्या भरतीला सुटते, इथे पाणी तुम्हाला उचलायला येत नाही.

नांगराचा हिशेब साधा आहे, पण त्यात नाकाडाची उंची विसरली जाते. पाणी 5 मीटर, नाकाड पाण्यापासून 1 मीटर, म्हणजे 6. त्याच्या पाचपट 30 मीटर साखळी, वारा वाढणार असेल तर सातपट, 42. नांगर वाळूच्या मोकळ्या पट्ट्यातच टाकावा. समुद्री गवतात पातं मुळांच्या जाळीत अडकतं, जमिनीत घुसत नाही, आणि रात्री वाऱ्याच्या झोतात गवताच्या गठ्ठ्यासकट सरकतं. साखळी सोडून झाली की इंजिन मागे, मिनिटाला 1500 ते 2000 फेऱ्यांवर, अर्धा मिनिट. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून त्या हलतात का ते बघायचं. मग साखळीला 8-10 मीटरचा नायलॉनचा दोर बांधून ताण त्याच्यावर घ्यायचा आणि डुबकीचा मुखवटा लावून नांगर डोळ्यांनी पाहून यायचा. भाड्याच्या बोयाला बोट बांधली तरी हे पाहणं चुकवू नये. खालचा दोर झिजलेला असतो, तो वरून दिसत नाही.

2011 पासून सरगॅसम शेवाळाचे पट्टे वाढले आहेत. ते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या गाळणीत अडकतं आणि इंजिन तापतं. इंजिन सुरू केल्यावर मागून पाणी पडतंय ना, हे दर वेळी बघावं. पंपाचे दोन जादा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी पात्यांची चक्रं, जवळ हवेत. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र गढूळ बंदरात चालवू नये, आणि क्लोरीनचं नळाचं पाणी त्यात गेलं तर पडदा खराब होतो. किनाऱ्यावर जायची छोटी होडी रात्री उचलून कुलूप लावावं.

प्रत्येक देशात शिरताना पिवळा झेंडा उजवीकडे चढवायचा. परवानगीचे शिक्के होईपर्यंत फक्त कप्तानाने उतरायचं. मागच्या बंदराचा निर्गमन-दाखला, बोटीची नोंदणी आणि खलाशांची यादी, हे सगळं प्रतींसह लागतं. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी महत्त्वाचं: मार्टिनिक फ्रान्सचा भाग असला, तरी साधा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. फ्रान्सच्या सागरापलीकडच्या प्रदेशांची नोंद असलेला वेगळा व्हिसा घ्यावा. विमानाने येऊन बोटीवर चढणाऱ्याकडे विमान कंपनी परतीचं तिकीट मागते, म्हणून कप्तानाचं पत्र आणि बोटीच्या कागदांची प्रत आधीच पाठवून ठेवावी.

हंगाम डिसेंबर ते मे. 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा काळ. ग्रेनेडा वादळांच्या वाटेबाहेर आहे, हा समज 2004 च्या आयव्हनने मोडला. 1 जुलै 2024 ला बेरिल कॅरियाकूवर धडकलं, तेव्हा खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटीही वाचल्या नाहीत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: मे संपायच्या आत आणखी दक्षिणेला त्रिनिदादला जाऊन बोट पाण्याबाहेर काढावी, शिडं उतरवून ठेवावीत, आणि वादळांच्या काळात बोट कोणत्या अक्षांशाच्या दक्षिणेला असावी अशी विम्याच्या कागदात अट आहे ते निघण्यापूर्वीच वाचावं.