सरांनी फळ्यावर काढलेलं चौथं धुराडं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला थेट नववीतला तो पावसाळ्यातला तास आठवला. ग्राऊंडवर तळं झालेलं, पीटी रद्द, म्हणून इतिहासाचे सर वर्गावर आले आणि पुस्तक न उघडताच त्यांनी फळ्यावर एक जहाज काढलं. तीन धुराडी, आणि शेजारी ठिपक्याठिपक्यांचं चौथं. म्हणाले, हे खोटं आहे, लाकूड आणि कॅनव्हासचं, लांबून बघणाऱ्याला ब्रिटिशांचं चार धुराड्यांचं यार्माउथ जहाज वाटावं म्हणून.

जहाज होतं एमडन, जर्मनांची क्रूझर म्हणजे वेगवान युद्धनौका, आणि तिचा कॅप्टन कार्ल फॉन म्युलर. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालेलं, १९१४ च्या सप्टेंबरात हा माणूस एकटं जहाज घेऊन बंगालच्या उपसागरात घुसला, सोबत फक्त एक कोळशाचं जहाज, जवळपास आपलं म्हणावं असं एकही बंदर नाही. २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासवर साधारण १३० तोफगोळे टाकले, बर्मा ऑइलच्या टाक्या पेटल्या. हे आम्ही डोळे मोठे करून ऐकत होतो, पण सर थांबले ते वेगळ्याच गोष्टीपाशी. दोनेक महिन्यांत त्याने वीसच्या वर व्यापारी जहाजं पकडली, पण बुडवायच्या आधी त्यावरची माणसं उतरवून घ्यायची, मग पकडलेल्याच एखाद्या जहाजात बसवून त्यांना बंदराकडे सोडून द्यायचं, आणि ती माणसं निघताना शत्रूच्या जहाजासाठी जयजयकार करायची! मलायातल्या पेनांग बंदरात त्याने एक रशियन क्रूझर आणि एक फ्रेंच विनाशिका बुडवली, तिथेही पाण्यातले फ्रेंच खलाशी वर ओढून घेतले.

पुढे मी मर्चंट नेव्हीत इंजिनला गेलो. आमच्याकडे तेल पाइपमधून येतं, तरी बंकरिंगच्या, म्हणजे इंधन भरायच्या दिवशी जीव मेटाकुटीला येतो, आणि एमडनवरच्या त्या पोरांनी विषुववृत्ताच्या उन्हात हजारो पोती कोळसा खांद्यावरून वाहिला. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर ते कोळसा भरायला थांबले तर तिथल्या लोकांना युद्ध सुरू झालंय हेच माहीत नव्हतं, यांनी उलट त्यांची बंद पडलेली मोटरबोट दुरुस्त करून दिली. हे मी वाचलं ते जहाजावरच, रात्रीचा वॉच संपल्यावर, आणि त्या दिवशी खूप वेळ झोप आली नाही.

९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाच्या सिडनी या क्रूझरने एमडनला गाठलं, तिच्या तोफा मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या. उरलेली माणसं तरी वाचावीत म्हणून म्युलरने जहाज खडकावर चढवलं, तरी १३० च्या वर गेले. तो स्वतः कैदी झाला, आधी माल्टा, मग इंग्लंड, तिथून बोगदा खणून पळाला पण परत पकडला गेला. जुना मलेरिया अंगात होताच, १९२३ मध्ये पन्नाशीच्या आतच गेला. आठवणी लिहा म्हणून लोक मागे लागलेले, याने नाही लिहिल्या. सोबत्यांच्या रक्तावर पैसे कमावल्यासारखं होईल असं त्याला वाटायचं. सरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता, शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प.

मागे चेन्नईला जहाज लागलं होतं तेव्हा हायकोर्टाच्या भिंतीवरची पाटी मुद्दाम जाऊन पाहिली, कुठे गोळा पडला ते सांगणारी. फोटो काढून सरांना पाठवला. आता त्यांना नीट दिसत नाही, मुलीने वाचून दाखवलं असणार. दहा मिनिटांत फोन आला, हॅलो वगैरे काही नाही, एकदम विचारलं, "चौथं धुराडं कशाचं होतं रे?"

मी म्हटलं, "लाकूड आणि कॅनव्हास, सर."