टाकी ठेवल्यावर तो थांबला

गॅसची टाकी स्वयंपाकघरात ठेवून रिकामी बाहेर काढल्यावरही तो क्षणभर उंबऱ्यापाशी उभा राहिला, आणि तो वरच्या पैशांसाठी थांबला होता की दम घेण्यासाठी, हे मला दुपारपासून ठरवता आलेले नाही. टाकीचे पैसे बुकिंग करतानाच मोबाइलवरून भरले होते आणि खिशात सुटी नोट एकही नव्हती. हल्ली भाजीवालीकडेही स्कॅनर असल्यावर नोटा बाळगतो कोण? "तुमचा नंबर सांगा, त्यावर पाठवतो," असे मी म्हणताच खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसत तो म्हणाला, "इरली बिड्री सर, असू द्या, पुढच्या टायमाला बघू," आणि रिकामी टाकी उचलून जिना उतरू लागला.

नियमाने त्याला वर काही द्यावे लागत नाही. घरपोच आणून देण्याचा आकार टाकीच्या किमतीतच धरलेला असतो, हे समोरचे भाऊजी मला वरचेवर ऐकवतात आणि "तुमच्यासारख्यांनीच यांना सवयी लावल्या," असेही पुढे जोडतात. परंतु तळमजल्याला आणि बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्याला आकार एकच असतो. १४.२ किलो गॅस आणि त्याहून थोडे जड लोखंड मिळून तीसेक किलो होतात, आणि ते खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्याने वर पोहोचल्यावर दम घेऊ नये, असे तर कुठल्या नियमात नाही ना? मग त्याचे थांबणे मला मागणे का वाटले?

चिरंजीवांनी फोनवर कायदा सांगितला. बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले, म्हणजे द्यायचे की नाही हे सर्वस्वी आपल्या मर्जीवर. हे हॉटेलांचे झाले, आणि मर्जी हाच तर माझा घोर आहे. खडेबाजारात जेवून उठताना बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे ठेवले की वाढणाऱ्याची नजर चुकवून निघता येत असे. आता पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात आणि वाढणारा मुलगा फडके घेऊन टेबल पुसत राहतो.

उभ्या नोकरीत मी कोणाकडून चहापाण्याचा पैसा घेतला नाही, आणि आज पेन्शनीवर जगताना आपल्याच दारात उभा राहून मीच कोणाच्या तरी हिशेबात कमी भरावे, याचे दुपारभर वाईट वाटत होते. त्याने तसा हिशेब केला असेलच असे नाही, पण दुपार तर गेली.

संध्याकाळी ही शहापूरहून परतली तेव्हा सगळे सांगितले. तिने आधी विचारले, "ताक दिलंत का त्याला?" मी नसताना टाकी आली की ती त्याला पेलाभर ताक आणि डाळीच्या डब्यातली वीसची नोट देते, हे मला आजच कळले. म्हणजे दम आणि पैसे यांच्या जोडीला ताक ही तिसरी शक्यता उभी राहिली, आणि तिच्या मते तीच खरी आहे. पुढच्या टाकीला नोट आणि ताक दोन्ही तयार ठेवायचे ठरले आहे. फक्त समोरच्या भाऊजींचे दार तेवढे बंद असावे.